दारापेक्षा मोठे बाक

"वहिनी, तुझ्याकडचे बाक रिकामेच आहेत ना? मग परवा ट्रक घेऊन येते," बेबी फोनवर म्हणाली, आणि मोठ्या बाईंनी हातातला खडू टेबलावर असा आपटला की त्याचे तुकडे वेचायला पहिल्या बाकावरची पोरं धावली.

मोठ्या बाई म्हणजे या शाळेच्या मुख्याध्यापिका. बेबी ही त्यांची धाकटी नणंद, तीही मुख्याध्यापिकाच, पण राज्याच्या दुसऱ्या टोकाला, राजधानीला लागून वाढत सुटलेल्या शहरात. तिथली हजार-दीड हजार मुलं तिला बघून चिडीचूप होतात, पण घरच्यांच्या लेखी ती अजून बेबीच. दोघींचं तसं बरं होतं. नणंद-भावजयीचं जेवढं बरं असू शकतं तेवढं.

"रिकामे आहेत असं कोणी सांगितलं तुला?"

"ऑफिसनेच. अगं, ऑर्डर निघालीय. रिकामे बाक जिथे मुलं आहेत तिथे हलवायचे. तुझा पट किती उरलाय ते मला माहीत नाही का?"

"आणि बाक गेले की शाळा गेली, हे माहीत आहे का?"

पलीकडून थोडा वेळ नुसता गोंगाट ऐकू आला, शेकडो मुलं एकदम बोलायला लागली की होतो तसला. मग बेबी म्हणाली, "परवा येते. समोरासमोर बोलू."

बाई म्हणाल्या ते खोटं नव्हतं. ज्या शाळेत बसायला बाक नाहीत ती चालवता येत नाही, असा एक नियम होता. जिथे पट कमी तिथले बाक हलवावेत, असा दुसरा. दोन्ही नियम वेगवेगळ्या टेबलांवर जन्मले होते, पण हातात हात घालून त्यांनी या बाजूच्या कितीतरी शाळांचा निकाल लावला होता. बाक गेले की सुट्टीनंतर दाराला कुलूप, आणि पोरांनी सकाळी उठून शेजारच्या शहराची बस पकडायची. अर्धी पकडतील. उरलेली अर्धी आई-बापांसकट कायमची राजधानीकडे जातील. बाक राहिले तर निदान आणखी एक वर्ष मिळणार होतं. बाईंना ते वर्ष हवं होतं, आणि त्यासाठी त्या कोणाशीही भांडायला तयार होत्या, मग ती नवऱ्याची सख्खी बहीण का असेना.

राज्य वाढतंय, राज्य वाढतंय, असं जो तो छाती फुगवून सांगतो. वाढतंय खरं, पण कसं? एकाच अंगरख्याची एक बाही दंडाला काचतेय आणि दुसरी रिकामी लोंबतेय. तिकडे इमारतीला रंग लागायच्या आधी माणसं राहायला येतात. इकडे या शहरात अख्ख्या गल्लीला मिळून एक दिवा लागतो. कागदावर दोन्ही शहरंच. कागदाला काय, तो काहीही लिहून घेतो.

हे शहरही एके काळी असंच फुगत होतं. काडेपेट्यांचा मोठा कारखाना होता, तीन पाळ्यांत चालायचा, आणि पाळी सुटली की रस्त्यात पाय ठेवायला जागा नसायची. शाळा कारखान्यानेच सरकारला बांधून दिली. एक लांबलचक हॉल, त्यात फळ्यांचे आडोसे घालून चार वर्ग भरायचे, शिवाय शेजारी दोन खोल्या. बाक केले कारखान्याच्या सुताराने, म्हणजे बाईंच्या सासऱ्यांनी, बेबीच्या बाबांनी. काड्या करायला नालायक ठरलेलं गाठीगाठीचं टणक लाकूड त्यांनी बाजूला काढलं आणि सुट्टीत वर्गातच ठाण मांडून बाक जोडले. एकेका बाकावर आठ-आठ पोरं बसतील असे लांब, डेस्क आणि बैठक एकाच सांगाड्यात. खिळा नाही की स्क्रू नाही, सगळे सांधे सरस लावून ठोकलेले. आणि झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं, की हे बाक दारातून बाहेर निघणार नाहीत. दार अरुंद, दारापुढचा व्हरांडाही अरुंद, वळायला जागाच नाही.

सगळं शहर तेव्हा हसलं होतं. सासरे मात्र मुळीच वरमले नाहीत. "बाहेर कशाला काढायचेत?" असं त्यांनी उलट विचारलं. खरंच, तेव्हा ते कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणखी बाक लागतील, आणखी खोल्या लागतील, एवढंच लोक धरून चालले होते. वाढत्या शहरातली माणसंच असली चूक करू शकतात. आता कारखान्याच्या आवारात झुडपं माजली होती, आणि आडोसे काढून टाकलेला हॉल नुसता बाकांनी भरलेला उभा होता. उरलीसुरली मुलं दोन खोल्यांत मावत होती.

त्या रात्री जेवताना बाईंनी यजमानांना विषय सांगितला. यजमान सायकली दुरुस्त करायचे आणि घरात शक्यतो कुठल्याच भांडणात पडायचे नाहीत.

"बेबी येतेय? वा! किती दिवसांनी!" ते म्हणाले.

"करवत घेऊन येतेय. तुमच्या वडिलांचे बाक कापायला."

यजमानांचा घास हातातच राहिला. "हे बघ, ती माझी बहीण आहे, तू माझी बायको आहेस. माझं मधल्या मध्ये सँडविच करू नका."

"कोणाच्या बाजूने उभे राहणार तेवढं सांगा."

"मी उभा राहत नाही. मी बसतो."

"बसायचंच आहे ना? मग परवा शाळेत येऊन बसा," बाई म्हणाल्या, आणि तिथेच त्यांना युक्ती सुचली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई घरोघर फिरल्या. त्यांनी कोणाला भाषण दिलं नाही की कोणाच्या पाया पडल्या नाहीत. नुसतं सांगितलं, "उद्या सकाळी शाळेत यायचं आणि बाकावर बसायचं. मी उठा म्हणेपर्यंत उठायचं नाही." बहुतेक जण त्यांच्याच हातचा मार खाल्लेले. का म्हणून विचारायची कोणाची छाती झाली नाही. कारखान्यातले निवृत्त फोरमनकाका तर बाईंपेक्षा वयाने मोठे, पण तेही म्हणाले, "पाटी आणायची का?"

"पाटी नको. चष्मा आणा."

आणि माणसं आली. पोरांच्या आया आल्या, शिवणकाम करणारी आली, पोस्टमन टपालाची पिशवी घेऊन आला, निवृत्त कामगार काठ्या टेकत आले, याच शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे सर आले. बाईंनी आधी खोल्यांतल्या प्रत्येक बाकावर एकेक मूल बसवलं आणि मग शेजारी मोठी माणसं. गुडघे डेस्कला आपटले, कोणीतरी कोणाला तरी चिमटा काढला, आणि पाच मिनिटांत सगळ्यांची वयं गळून पडली. दोन्ही खोल्या गच्च भरल्या. बाईंचा ऊर भरून आला. मग त्या उरलेल्यांना घेऊन हॉलकडे वळल्या, आणि मागे बघतात तर उरलेलं कोणी नव्हतंच.

शहरातली जेवढी माणसं चालू-फिरू शकत होती तेवढी आली होती, आणि ती दोन खोल्यांतच संपली होती. हॉल तसाच होता. बाईंना हे आधी कळायला हवं होतं. रोज पट मांडणाऱ्या बाईला एवढा हिशोब यायला हवा होता. पण आशा लागली की हिशोब सुचत नाही. त्यांनी हॉलचं दार लोटून घेतलं, खोलीत आल्या आणि फोरमनकाकांना सतराचा पाढा म्हणायला लावला.

काका सतरा सक्क्याला अडकले तेव्हा ट्रक आला.

बेबी ड्रायव्हरशेजारून उतरली. बरोबर हमाल होते आणि एक सुतार, काखेत करवत घेऊन. यजमान फाटकाशीच उभे होते. ना आत, ना बाहेर. बहिणीला बघून त्यांचा चेहरा फुलला आणि करवत बघून पडला. बेबी त्यांना घाईघाईने भेटली आणि व्हरांड्यातून थेट खोलीच्या दारात आली. आतला देखावा बघून ती जागच्या जागी थबकली.

"हे काय चाललंय, वहिनी?"

"शाळा चाललीय."

"फोरमनकाका शाळेत?"

"पाढे कच्चे आहेत त्यांचे," बाई म्हणाल्या. "रिकामे बाक न्यायला आलीस ना? शोध. रिकामा दिसला तर ने."

पोरं खिदळली. पोस्टमन खालमानेने हसला. बेबीचा चेहरा लाल झाला, पण ती काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. ती दोन्ही खोल्या बघून आली आणि मग सरळ जाऊन तिने हॉलचं दार उघडलं. बाई तिच्या मागोमाग गेल्या. धुळीने पांढरे पडलेले बाक ओळीने उभे होते, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"आणि हे?" बेबी म्हणाली. तिचा आवाज हॉलभर घुमला.

बाईंनी जवळच्या बाकावरची धूळ पदराने पुसली.

"खेळ करतेस, वहिनी. आवडला मला तुझा खेळ, खोटं नाही सांगत. पण हे बघ." तिने फोन काढून समोर धरला. जिन्याच्या पायऱ्यांवर मुलं बसली होती, खालपासून वरपर्यंत, आणि वरचं मूल खालच्याच्या पाठीवर वही ठेवून लिहीत होतं. "हा माझा पाचवीचा वर्ग. हा एक. दुसरा संडासाच्या बोळात बसतो. अक्षर कसं येणार त्यांचं? पाठीवर लिहिलेलं अक्षर! आणि ही कोणाची मुलं आहेत सांगू? तुझ्याच शहरातली. तू शिकवलेल्यांची. त्या आडनावांनी माझी हजेरी भरलीय."

बाईंनी फोटो पाहिला आणि त्यांना लाज वाटली. स्पष्ट सांगायचं तर फार लाज वाटली. एक पोरगी पेन तोंडात धरून पुढच्याची पाठ स्थिर व्हायची वाट बघत होती. तिच्या आजीचं नाक बाईंनी तिथल्या तिथे ओळखलं; ती आजी आत्ता शेजारच्या खोलीत दुसऱ्या बाकावर बसली होती.

"तुझं शहर संपलंय, वहिनी," बेबी हळू आवाजात म्हणाली. "मला काय आनंद होतो का? मीही इथलीच. पण रिकामं आहे ते रिकामं आहे."

आता मात्र बाईंचं डोकं तडकलं.

"रिकामं आहे म्हणून न्यायचं, आणि नेलं म्हणून आणखी रिकामं करायचं! कारखाना असाच गेला. दवाखान्यातली डॉक्टरीण अशीच गेली. बस कमी केली, का तर माणसं कमी. आणि माणसं का गेली, तर बस नाही. दर वेळी कोणीतरी असाच फोटो घेऊन येतं आणि दर वेळी त्याचं खरंच असतं. तुझंही खरं आहे, बेबी. पोरांना बाक हवेत. पण माझ्या त्या दोन खोल्यांत बसलेली पोरं काय खोटी आहेत?"

तेवढ्यात सुतार दारातून म्हणाला, "ताई, हे अख्खे निघायचे नाहीत. मधोमध कापतो. तिकडे पट्ट्या मारून जोडून देतो."

"मग टिकतील का?" बाईंनी विचारलं.

"टिकतील की वर्ष-दोन वर्षं. मग डुगडुगणारच. कापलेलं ते कापलेलं."

तो एका बाकाशी वाकला आणि त्याने करवत लाकडावर टेकवली. बेबीने मान दुसरीकडे फिरवली. लहानपणी बाबांचा डबा घेऊन ती याच हॉलमध्ये यायची आणि भुशात बसून त्यांचं काम बघायची, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. त्या पुढे झाल्या आणि त्यांनी सुताराचा हात धरला.

"बाक कापायचा नाही. भिंत फोडा."

"काय?"

"ही मागची भिंत. पलीकडे मैदान आहे, ट्रक थेट मागे लागेल. खिडकी काढा, खालचं बांधकाम फोडा, आणि बाक अख्खेच्या अख्खे न्या. हॉलमधले सगळे."

बेबी बघतच राहिली. "वहिनी, सरकारी भिंत आहे ती!"

"सरकारी बाक कापलेला चालतो आणि सरकारी भिंत फोडलेली चालत नाही? हे कुठलं शास्त्र?" बाई आता बाह्या सरसावून उभ्या राहिल्या. "नीट ऐक. हे मी देत नाहीये. तुझ्या पोरांना वापरायला देतेय. जसे नेशील तसे अख्खे राहिले पाहिजेत. आणि त्या दोन खोल्यांतल्या एका बाकालाही हात लावायचा नाही. तिथे माणसं बसलीत."

"ऑर्डर सगळ्या बाकांची आहे."

"ऑर्डर रिकाम्या बाकांची आहे, तूच म्हणालीस. फोडायची का भिंत?"

बेबीने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा करवतीकडे. मग तिने सुताराला ती बाजूला ठेवायची खूण केली.

पहार शाळेतच होती, झाडं लावायच्या सामानात. पण हमाल मागे सरकले. आपण उचलायला आलोय, पाडायला नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. आवाज ऐकून फोरमनकाका बाही दुमडत दारात आले. "द्या इकडे, मी पाडतो."

"काका, बसा खाली!" बाई एवढ्या जोरात ओरडल्या की खोलीतली चार माणसं बसलेल्या जागी आणखी घट्ट बसली. काका पोरासारखे पळत जागेवर गेले.

शेवटी फाटकाशी उभे असलेले यजमान आत आले. कोणी बोलावलं नव्हतं. त्यांनी बहिणीकडे पाहिलं नाही, बायकोकडेही नाही. पहार उचलली आणि खिडकीखाली पहिला घाव घातला. गिलावा ढासळला. दुसऱ्या घावाला वीट निघाली. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याने एक बाजू घेतली, आणि तीही दोघींची मिळून. बाईंना हसूही आलं आणि रडूही आलं.

दुपारपर्यंत भिंतीला मोठं भगदाड पडलं. मैदानातला उजेड हॉलमध्ये आला. ट्रक मागे लागला आणि पहिला बाक सरळ, कुठेही न अडता, बाहेर गेला. सासऱ्यांनी जोडल्यापासून पहिल्यांदाच तो उन्हात आला होता.

अर्धे बाक चढले असतील तेव्हा बेबीचा फोन वाजला. ऑफिसचे साहेब होते. त्यांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता: किती चढले, बाकीच्या खोल्यांचं काय, सगळे आले पाहिजेत. बेबी ऐकत होती. बाई तिच्यासमोर हाताची घडी घालून उभ्या होत्या. विनवायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

"साहेब, रिकामे होते तेवढे घेतले," बेबी म्हणाली.

पलीकडून काहीतरी जोरात आलं.

"नाही साहेब, बाकीचे रिकामे नाहीत. मी स्वतः बघितले. भरलेत." पलीकडून पुन्हा प्रश्न आला. "कोण बसलंय म्हणजे? माणसं बसलीत, साहेब. उठवायची असतील तर तुम्ही या आणि उठवा. मला जमणार नाही. माझे गणिताचे सर पण त्यांत आहेत."

तिने फोन बंद केला. तो पर्समध्ये टाकला. "मला नोटीस येणार," ती म्हणाली.

"मलाही येणार. भिंतीची," बाई म्हणाल्या. "दोघी मिळून उत्तर लिहू."

निघताना बेबी भावाच्या खांद्यावर डोकं टेकवून रडली आणि मग ट्रकमध्ये बसली. खिडकीतून वाकून म्हणाली, "वहिनी, एक सांगते, रागावू नकोस. तिकडची गर्दी वाढतच जाणार. हे बाक काही परत यायचे नाहीत."

"ते तू म्हणतेस," बाई म्हणाल्या. "जपून ने."

ट्रक गेला. बाईंनी खोल्यांत जाऊन "उठा" म्हटलं, तेव्हा कुठे शहर उठलं आणि पाय चोळत घरी गेलं. पोरं थांबली, भगदाडातून उड्या मारत ती आत-बाहेर पळत होती. यजमानांनी विटांची रास लावायला घेतली. अख्ख्या विटा एकीकडे, तुकडे दुसरीकडे.

"उद्या गवंडी बोलावतो," ते म्हणाले. "दोन दिवसांत भिंत पूर्ववत करून देईल."

"गवंडी बोलवा. पण भिंत नको. दार करायला सांगा."

"दार? एवढं मोठं? अगं, ट्रक जाईल त्यातून. शाळेला कशाला हवं एवढं दार?"

बाई रिकाम्या हॉलमध्ये उभ्या होत्या. जमिनीवर बाकांच्या पायांचे ठसे ओळीने उमटले होते. त्यांनी पायातल्या चपला काढून ठेवल्या, झाडू घेतला आणि पहिल्या ओळीपासून झाडायला सुरुवात केली.

"बाक परत आले म्हणजे काय पुन्हा भिंत फोडत बसणार आहात?"